ऑर्विल टेटचा पहिला अल्बम

कोल्हापूर,
११ फेब्रुवारी २०२४

ती. बाळासोमामा यांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुम्ही दोनदा हॅलो म्हणता आणि मामीच्या हातात देता. मामी सगळं बरं हाय म्हणून ठेवून देते. तुमच्या साध्या मोबाइलवर मराठी मेसेज पाठवला तर नुसते चौकोन उमटतात म्हणे. म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. दूध संघाच्या प्रयोगशाळेत दिवसभर रिपोर्ट लिहिते, पण हाताने पत्र लिहायची सवय मोडली आहे. अक्षर सांभाळून घ्या.

बातमी अशी की इथे रुईकर कॉलनीत आम्ही काहीजण रविवारी सकाळी जमतो आणि इंग्रजी कंट्री गाणी ऐकतो. राजवर्धन म्हणून एकजण आहे, टाइल्सचं दुकान आहे त्याचं. जुन्या रेकॉर्डी गोळा करतो आणि त्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दुसरा प्रसेनजीत. कॉलेजात गणित शिकवतो आणि गिटार वाजवतो. त्याच्यामुळेच मी तिथे जाऊ लागले. मागच्या महिन्यात राजवर्धनने एका परदेशी डॉक्टरांच्या बंगल्यातलं सामान घेतलं, त्यात रेकॉर्डींचा खोका निघाला. आज त्यातली एक लावली. नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. पहिली ओळ संपताना गायकाचा आवाज असा मोडला, की माझ्या हातातला चहा हातातच राहिला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी कोडोलीला यायची, मोटरीच्या खोलीत पाना फिरवताना तुम्ही गुणगुणायचात, तेव्हा तुमचाही आवाज अगदी तिथेच, तसाच मोडायचा. मी ओरडलेच की हा तर आमच्या मामांच्या कॅसेटमधला गाणारा.

खोक्यात ऑर्विल टेटचे दोन अल्बम आहेत, दुसरा आणि तिसरा. पहिल्याचं नाव फक्त मागच्या बाजूला छापलंय, 'मिल्क रोड'. कुवेतची तुमची ती कॅसेट त्याचीच का? सविस्तर कळवा. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही पोचू द्या.

आपली,
संयोगिता

*

कोडोली,
१९ फेब्रुवारी २०२४

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या मामीनं आधी फोडलं, लग्नाचं असंल म्हणून. निराश झाली.

व्हय, माझी कॅसेट मिल्क रोडचीच. कुवेतच्या कॅम्पात मी वेल्डर हुतो तवा आमचा मुकादम टेक्सासचा गोरा हुता. त्यानं दिली. मला इंग्रजी येत न्हवतं, पण गाणं कशाबद्दल हाय ते तो हातवारे करून सांगायचा. एक माणूस पहाटं बर्फातनं दुधाची कॅन घेऊन निघतो, गाडी रुततीया, दूध गोठतंय. मला वाटलं, हा तर आपल्या कोडोलीचाच गडी, फकस्त चिखलाच्या जागी बर्फ हाय. अर्थ नंतर, आधी नुसता आवाज पाठ केला. समदी कॅसेट पाठ. नव्वद साली लढाई सुरू झाली, अम्मानच्या रस्त्यानं अंगावरच्या कपड्यानिशी निघालो. कॅसेट टेपरेकॉर्डरात तशीच राहिली.

मग शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग घासायच्या खात्यात लागलो आणि तिथं कान गेले. आता कानात रात्रंदिवस ग्राइंडर चालू असतो. कानाचं यंत्र लावलं तर त्यात गाणं पत्र्यावर खडे टाकल्यागत ऐकू येतं, म्हणून ते कपाटात. त्यामुळं तुझा टेट तुलाच लखलाभ. मला पंगतीचं वर्णन लिहून पाठवलंस तर पोट भरणार हाय का माझं?

तरीबी लिही. बाकी ठीक. थोरली म्हैस आटली. आठवण ठेव, यायचं मनावर घे.

तुझा मामा,
बाळासो

*

कोल्हापूर,
३ मार्च २०२४

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आज सगळ्यांना वाचून दाखवलं. राग मानू नका. झालंय असं, की तीन आठवडे आम्ही 'मिल्क रोड' शोधतोय आणि तो कुठेही नाही. इंटरनेटवर नाव सापडतं, गाणी नाहीत. प्रसेनजीतने परदेशातल्या चाहत्यांना विचारलं, त्यांच्यापैकी कुणाकडेही तो नाही. कंपनी लवकरच बुडाली आणि प्रती थोड्याच निघाल्या होत्या, असं एकाने कळवलं. राजवर्धन तर इतका वैतागलाय की दुसरा अल्बम लावताना सुद्धा पहिला नाही म्हणून कुरकुरतो. नवीन गाणं ऐकायचा आनंद आहे तो घेऊ देत नाही. दुसऱ्या अल्बममध्ये बहिणीच्या लग्नाला न पोचलेल्या भावाचं एक गाणं आहे. ते संपल्यावर कुणी बोलू नये असं मला वाटत होतं, तर याने लगेच रेकॉर्डीवरच्या ओरखड्याबद्दल व्याख्यान सुरू केलं.

तुमचं पत्र ऐकून मात्र त्याने रेकॉर्ड थांबवली. मग म्हणाला, म्हणजे तो अल्बम आता फक्त तुझ्या मामांच्या डोक्यात आहे. मामा, तुम्ही गाल का? आम्ही येतो, रेकॉर्ड करतो. प्रसेनजीत चाल पकडून गिटार धरेल. नाही म्हणू नका.

लोभ असावा, आणि या वेळी थोडा जास्तच असावा.

आपली,
संयोगिता

*

कोडोली,
१२ मार्च २०२४

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

न्हाय.

मी गातोय ते मलाच ऐकू येत न्हाय. सूर लागला का सुटला, कळणार कसं? आंधळ्याच्या हातात ब्रश द्यायचा आणि चित्र काढ म्हणायचं, त्यातली गत. आणि तू लोकांपुढं माझं पत्र वाचलंस ते मला आवडलं न्हाय. उसाला पाणी चालू हाय, वेळबी न्हाय.

मामी विचारती, तो गिटारवाला कोण, किती शिकलाय. मी सांगितलं गणिताचा मास्तर हाय. ती गालात हसली.

माया हाय, पण या कामाला न्हाय.

बाळासो

*

कोडोली,
१ एप्रिल २०२४

चि. संयोगितास,
आशीर्वाद.

नको म्हटल्यावरबी काल तुम्ही तिघं गाडी घेऊन दारात उभं. आलेल्या पावण्याला परत लावायची आपली रीत न्हाय, म्हणून बसलो. म्हटलं, आलीच हायत पोरं एवढ्या लांबनं, तर एक गाणं म्हणून बघू. डोळं मिटून सुरू केलं. मधी डोळं उघडलं तर राजवर्धनराव काहीतरी बोलत हुतं, आणि तुम्ही समदी हसत हुता. तुझी मामीबी पदर तोंडाला लावून हसत हुती.

मी विचारलं, काय झालं? तू हात हलवून म्हणालीस, "काही नाही मामा, जाऊ दे."

त्याच्यानंतर मी उठून गोठ्यात गेलो ते तुम्ही जाईपर्यंत बाहेर आलो न्हाय. राजवर्धनरावांचा मला राग न्हाय. ते परके. माझा राग तुझ्यावर हाय. कान गेल्यापासनं मी हेच ऐकतोय, म्हणजे ऐकत न्हाय, ओठावर वाचतोय. जाऊ दे. जेवताना समदी हसत्यात, मी विचारलं की, जाऊ दे. भावकीच्या बैठकीत जाऊ दे. डॉक्टर तुझ्या मामीशी, तानाबाईशी दहा मिनिटं बोलतो आणि मला म्हणतो जाऊ दे, गोळ्या घ्या. मला वाटायचं तू तेवढी वेगळी हायस. तू पत्र लिवतीस.

आता लिवू नकोस.

बाळासो

*

कोल्हापूर,
६ एप्रिल २०२४

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते आहे. नाही वाचायचं तर मामीकडे द्या.

आम्ही का हसलो ते सांगते. ते तिथल्या तिथेच सांगायला हवं होतं. गाण्यात 'कमिंग होम' असे शब्द असणार, म्हणजे घरी येतोय. तुम्ही प्रत्येक वेळी 'कोंबिन होम' म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा राजवर्धन म्हणाला, मामा काय कोंबड्या घरात कोंबायला निघालेत का? मामीला हसू आवरेना, मग आम्हालाही. एवढंच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी जाऊ दे म्हणाले, आणि त्यानेच जास्त वाईट झालं.

परत येताना गाडीत मी राजवर्धनशी भांडले. तो म्हणत होता, शब्द चुकीचे असतील तर ते रेकॉर्ड करून उपयोग काय, इतिहास बिघडतो. मी म्हटलं, आमच्या मामांनी जे जपलंय तेही तुला खोक्यात घालून ठेवायचंय. वाठार येईपर्यंत आवाज चढले होते. मी आता रविवारी जाणार नाही. टेटचा तिसरा अल्बम अजून निम्माच ऐकलाय. दोन्ही रेकॉर्डी त्याच्या कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे, आणि माझा घरात बसून नुसता चडफडाट चाललाय. तुम्ही रुसलात, टेटही गेला.

प्रसेनजीत मात्र रोज विचारतो, मामांचं पत्र आलं का. त्या दिवशी हसल्याचं त्याला फार लागलंय.

तुमचा लोभ मागायला तोंड नाही, पण मागते.

संयोगिता

*

कोडोली,
१५ एप्रिल २०२४

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी गोठ्यातच एवढा हसलो की धाकटी म्हैस दचकून मागं सरली. कोंबिन होम. पस्तीस वर्षं तरी मी तेच म्हणत आलोय. टेक्सासवाला मुकादमबी एकदा पोट धरून हसला हुता, मला वाटलं खूश झाला. अगं, ह्यात लपवण्याजोगं काय हुतं? तिथंच सांगितलं असतंस तर मीबी हसलो असतो की.

गणिताच्या मास्तराला घेऊन ये. फकस्त दोघं या. एक अट. मी म्हणेन आणि सूर कसा लागला ते तू मला खरं सांगायचं. तोंडावर न्हाय, तोंडं वाचून मी दमलोय. कागदावर लिवून. गोड लिवलंस तर कळतं मला.

राजवर्धनरावांशी भांडण मिटव. माणूस वाकडा असंल, पण रेकॉर्डी त्याच्याकडं हायत. तिसरा अल्बम निम्मा सोडू नये.

वाट बघतोय.

मामा

*

कोल्हापूर,
३० एप्रिल २०२४

ती. मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुमच्याकडून निघाल्यापासून हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता खरं लिहिते.

पहिलं गाणं, दुधाच्या रस्त्याचं, दुसऱ्या कडव्यापासून सुटलं. तुम्ही हळूहळू खाली उतरत गेलात. प्रसेनजीत हाताने वर, वर अशी खूण करत होता, पण तुम्ही डोळे मिटले होते. मग तोच तुमच्या मागोमाग खाली आला. शेवटी तुम्ही दोघं एकाच जागी होतात, पण सुरुवात केली तिथे नाही. दुसऱ्या गाण्यात तर चाल कोणती हेच आम्हाला कळलं नाही. तीन वेगळ्या गाण्यांची कडवी एकत्र आली असावीत, असं प्रसेनजीतला वाटतं. तुमचा आवाज फार मोठा लागतो, त्यामुळे हळुवार ओळीसुद्धा हाक मारल्यासारख्या येतात. तिसरं, घोडीवरचं गाणं मात्र नीट लागलं. नीट म्हणजे नीट, मामा. मी गोड लिहीत नाही. त्यात तुम्ही डोळे उघडे ठेवून प्रसेनजीतच्या हाताकडे बघत होतात, आवाजही हळू ठेवला होतात, आणि ओळ संपताना आवाज मोडतो तो बरोब्बर तिथे मोडला.

राजवर्धनला ऐकवलं. म्हणाला, पुरावा म्हणून हे शून्य आहे. टेटने हे असंच गायलं असेल असं कुणी मानणार नाही. मला चीड आली, पण त्याचं चूक नाही. 'मिल्क रोड' आम्हाला सापडला नाही, आणि बहुधा सापडणारही नाही. हे लिहिताना मला रडू येतंय. नंतर त्याने घोडीचं गाणं पुन्हा लाव म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी तिसऱ्या अल्बमची उरलेली बाजू लावायची आहे, मी जाणार आहे.

रागावला असाल तरी कळवा. तुमचं पत्र आलं नाही तर करमत नाही.

आपली,
संयोगिता

*

कोडोली,
९ मे २०२४

चि. संयोगितास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर कागद चुरगाळला, मग गुडघ्यावर सरळ केला. एवढं वाईट म्हटलं असंल असं वाटलं न्हवतं. दुसऱ्या खेपंला वाचलं तवा बरं वाटलं. कुणीतरी मला कुठं चुकलो ते सांगितलं. कान चांगलं हुतं तवा शिरोलीत साहेब असं सांगायचा, कास्टिंग कुठं जास्त घासलं ते. त्यानंतर कुणी न्हाय.

दुसऱ्या गाण्याचं पुन्हा करू. कुठलं कडवं कुठलं, ते मी आठवून लिवून ठेवतो. मास्तराला सांग, हात जरा मोठा हलव.

तानाबाईलाबी म्हटलं, आता तूबी जाऊ दे म्हणायचं न्हाय, जे असंल ते सांगायचं. तिनं लगीच सांगितलं. म्हणाली, तुम्ही इतक्या मोठ्यांदा बोलताय की आपलं समदं गल्लीला कळतं. माझं दुखणं, सुनंचं, ऊसबिलाचं, समदं. मला लाज वाटती, पण तुम्हाला कसं सांगायचं. मला वाटायचं मी हळूच बोलतोय. दोन दिवस तिच्याशी काय बोललोच न्हाय. मग काल जेवताना बोललो, एकदम हळू, घोडीच्या गाण्यातल्यागत. आणि विचारलं, आता ठीक हाय का?

तिनं भाकरी ताटात ठेवली आणि मान हलवली. म्हणाली, आता मला काय ऐकू आलं न्हाय.

रविवारी या. माया हाय तशी ठेव आणि खरं बोलत राहा.

तुझा मामा,
बाळासो