कपाळाच्या आठ्या

अण्णा, तोंड वाकडे झालेली दोन माणसे शेजारी बसवून त्यांना भुवया वर करायला सांगितले, तर एकाच्या कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात आणि दुसऱ्याचे अर्धे कपाळ इस्त्री फिरवल्यासारखे सपाट राहते. असे का, हे कोडे आपल्याच घरात येऊन गेले.

तुमची ही लेक तेव्हा शाळेत होती. थंडीतल्या एका सकाळी आपल्या चिक्कपेटेतल्या शिवणदुकानामागच्या स्वयंपाकघरात आई चूळ भरत होती आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळत होते. डावा डोळा मिटेना, डाव्या कपाळावर एक सुरकुती उमटेना. गल्लीने अर्धांगवायू ठरवला. तुम्ही कोळशाच्या इस्त्रीवर फलालीनच्या कापडाची घडी तापवून तिचा गाल शेकत राहिलात. काही आठवड्यांत चेहरा सरळ झाला आणि श्रेय इस्त्रीला मिळाले.

पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयातून सुट्टीला आले, तर तुमच्या ओठांत धरलेल्या टाचण्या उजव्या कोपऱ्यातून गळत होत्या. आठ्या मात्र शाबूत. तुम्ही फलालीनच तापवत होतात.

"आईचं केवढं वाकडं होतं! माझं स्वल्पच आहे. दवाखाना कशाला?"

मी समजावले. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, ओठांना मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. आईची चेहऱ्याची नसच सुजली होती, म्हणून अर्धा चेहरा कपाळासकट गेला; अशी नस बहुधा आपोआप सावरते. आठ्या शिल्लक राहून नुसता ओठ उतरला, तर इजा मेंदूत असण्याची भीती. जे कमी वाकडे, तेच अधिक घातक, अण्णा!

"सरी, बरं बरं, डॉक्टरीणबाई," तुम्ही हसलात, अर्धेच. "मग घ्या आमचं माप."

जन्मभर गिऱ्हाइकांना तुम्ही सांगितलेत तेच मी तुम्हाला सांगितले: हात पुढे करा. तळवे वर, डोळे मिटा. उजवा तळवा सावकाश आत वळला आणि त्यावर कुणी कापडाचे ठाण ठेवावे तसा हात खाली येऊ लागला. तुम्ही मिटल्या डोळ्यांनी म्हणालात, "बघ, दोन्ही सारखे!"

मी पुस्तकात वाचलेले सारे त्या क्षणी थिजले. हात तुमचा होता, आणि तुम्हालाच त्याचा पत्ता नव्हता. डोळे उघडून तुम्ही त्या हाताकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिलेत. मग इस्त्रीतले निखारे विझवलेत आणि दवाखान्यात जायला घोड्याच्या जटक्यात बसलात. दवाखान्यातून तुम्ही परतला नाहीत.

हे पत्र कुठे टाकणार? आता मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते: आरशासमोर भुवया उंचवा, दात दाखवा, मग दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे मिटून थोडा वेळ थांबा, आणि हात पाहायला दुसऱ्या कुणाला तरी समोर उभे करा. मीही रोज करते, अण्णा, एकटीच, तुमच्या दुकानातल्या त्याच उंच आरशापुढे. फक्त डोळे मिटायचे धाडस अजून होत नाही.