समुद्रात गेलेल्या गावाचं आडनाव

बाबा, तुमचं आडनाव लावणारी माणसं या देशात किती उरली आहेत ते सांगणारी एक वेबसाइट आहे. नाव टाकलं की ते मुळात कुठून आलं हे दोन ओळींत येतं, आणि खाली नकाशावर आज ते जिथे जिथे आहे तिथे निळे ठिपके उमटतात. स्मिथ टाकलं तर अख्खं इंग्लंड निळं होतं. आपलं टाकलं तर आधी वाटतं काही आलंच नाही, मग डोळे बारीक करून बघावं लागतं. लीड्सला एक ठिपका, ती मी. इल्फर्डला एक, तो माझा धाकटा भाऊ, अजून बिनलग्नाचा आणि अजून बिनइस्त्रीच्या शर्टात. वॉटफर्डला एक, ती माझी लेक. झालं, संपलं आपलं खानदान. पण नकाशावर चौथाही ठिपका होता. यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावर, अगदी कडेला, जमीन संपते तिथे. मी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली. ठिपका तिथेच होता.

आपली दोन्ही आडनावं, हे इंग्रजी आणि नागपूरहून आणलेलं जुनं, मी इथे लिहीत नाही. तुम्हाला दोन्ही पाठ आहेत, आणि दुसऱ्या कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाहीये. वेबसाइट म्हणते की हे इंग्रजी नाव एका गावाचं. कुणा एका माणसाच्या मालकीचं तळं होतं, त्यावरून गावाला नाव पडलं, आणि गाव सोडून गेलेल्यांना लोक त्या गावाचे म्हणून ओळखू लागले. आपल्याकडे नागपूरचा तो नागपूरकर, तसंच. नंतर समुद्र वर्षावर्षाला जमीन खात आत आला. आधी तळं गेलं, मग शेतं, मग रस्ता, शेवटी चर्च आणि चर्चमागच्या कबरी. गाव गेलं आणि नाव राहिलं. हे सगळं तुम्ही आम्हाला गाडीत बसून कितीदा सांगितलं होतं, तेव्हा मी कानात बोटं घालून बसायचे. आता पडद्यावर वाचताना मात्र सगळं तुमच्याच आवाजात ऐकू आलं, मधल्या खोकल्यासकट.

नाव बदलायची वेळ का आली ते मला माहीत आहे, कारण मी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लीड्सला आपल्याला जेमतेम वर्ष झालेलं. तुमच्याच हॉस्पिटलमधल्या एका मराठी डॉक्टरांकडे दिवाळीचं जेवण. सगळ्या बायका आत पुऱ्या लाटतायत, आई पदर खोचून आत जाते, आणि घरच्या बाई हसून विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले हो? नाही, नागपूर ते कळलं, पण मूळ?" आई गाव सांगते. मग वस्ती सांगते. आईला खोटं बोलता यायचंच नाही. बाई पुऱ्यांची परात स्वतःकडे ओढून घेतात आणि इतक्या गोड आवाजात म्हणतात, "अहो, तुम्ही कशाला? तुम्ही बाहेर बसा निवांत, आम्ही आहोत ना." आईला बाहेरच्या सोफ्यावर बसवलं, हातात सरबत दिलं, पंखा लावला. नोव्हेंबरात! इतका मान माझ्या आईला जन्मात मिळाला नव्हता. परतताना तुम्ही गाडीत एवढंच म्हणालात, "पाहुणचार करून हाकललं आपल्याला." मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा मी एवढी चिडले की त्या बाईंच्या मुलीशी पुढे शाळेत चकार शब्द बोलले नाही. तिचा काही दोष नव्हता. चालायचंच.

तुमच्याकडे म्हाताऱ्यांचा वॉर्ड होता. आपल्याकडच्या डॉक्टरांना तेव्हा तेच मिळायचं. तिथे एक म्हातारे होते, समुद्रात गेलेल्या त्या गावाचं नाव लावणारे शेवटचे. मूलबाळ नाही, भाऊबंद नाही. मी गेलो की नावही गेलं, असं ते रोज म्हणायचे, आणि एके दिवशी राउंडला तुम्ही सरळ म्हणालात, "मग मला द्या." नर्स हसली. म्हातारे हसले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "घे. पण वर्षातून एकदा तिथे जायचं आणि कड्यावर उभं राहून नाव मोठ्याने सांगायचं. जे खाली गेलेत त्यांना कळायला हवं की वर अजून कुणीतरी आहे." तुम्ही कबूल केलंत. दीक्षा घेतलेला माणूस, घरात अंगारा नाही की धुपारा नाही, शेजारणीने मांजर आडवं गेलं म्हटलं तर तिला अर्धा तास विज्ञान शिकवणारा, आणि असली अट कबूल केलीत. आईने टोचून विचारलं तेव्हा म्हणालात, "तो विश्वास नाही. तो शब्द आहे. शब्द दिला की पाळायचा."

म्हणून आमच्या वर्गातली मुलं सुट्टीत ब्लॅकपूलला पाळण्यांत बसायला जायची आणि आम्ही त्या किनाऱ्यावर. मला अजून दिसतंय. वारा इतका की आईची साडी तिच्या अंगाला कापडी पट्टीसारखी गुंडाळलेली. भाऊ गाडीत उलटी करून निजलेला. तुम्ही कड्याच्या कडेपासून थोडे अलीकडे उभे राहता, हात मागे बांधता, आणि ते नाव ओरडता, आपल्या नागपुरी र-सकट. मला हसू येतं. इंग्लंडमधलं मरून गेलेलं एक गाव, आणि त्याला हजेरी देतोय कोण, तर आमचा बाप. आई मात्र कधी हसली नाही. ती तुमची बाही धरून म्हणायची, "अहो, पुरे. पाण्याला नाव सांगू नये. ओ आली म्हणजे?" तुम्ही तिला अंधश्रद्धाळू म्हणायचात. पण एका वर्षी नाव ओरडून झाल्यावर तुम्ही नेहमीसारखे वळला नाहीत. कान देऊन उभे राहिलात, बराच वेळ. मग गाडीत येऊन बसलात आणि लीड्सपर्यंत रेडिओ मोठा करून ठेवलात. त्या दिवशी काय ऐकलंत ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ते ऐकायचं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर आम्ही तिथे गेलोच नाही, नंतर आईही गेली. तुमच्या अस्थी मी स्वतः नागपूरला नेल्या, तेव्हा इकडच्या समुद्राचा आणि तुमचा संबंध संपला असं मी धरून चालले. लग्न झालं तरी मी नाव सोडलं नाही, लेकीलाही तेच लावलं, आणि ती लेक आता सोलिसिटर आहे आणि तिला सातवा महिना आहे. नवरा गोरा आहे, भला आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "आई, बेबीला मला आपला खरा आडनाव द्यायचाय. आजोबांचा ओरिजिनल. आम्ही इकडे सगळे आता ओपनली सांगतो, वी आर नॉट हायडिंग एनीमोअर." मी म्हटलं, अगं, आजोबांनी ते लपवायला नव्हतं बदललं. ती म्हणाली, "मग कशाला बदलला?" ती पुढे म्हणाली, "पण आजोबांना वाईट वाटणार असेल तर मी नाही करणार. तुला माहीत असेल ना? तू सांग." म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात. बाळाने जुनं नाव घेतलं तर हे नाव आमच्याबरोबर संपणार आणि तुमचा शब्द मोडणार. नाही घेतलं, तर ज्या बाईंनी आईला सोफ्यावर बसवलं त्यांचं पुन्हा एकदा खरं होणार. नकाशा उघडून बसले ती त्याच संध्याकाळी, आणि तिथे तो चौथा.

गेल्या गुरुवारी लेकीला त्या चौथ्या ठिपक्याचं सांगून मी गाडी काढली. आपण जिथे गाडी लावायचो ती जागा आता नाही. रस्ता मध्येच तुटतो, डांबराची कड केकच्या तुकड्यासारखी हवेत लोंबते, आणि पुढे कौन्सिलची लाल पाटी. अलीकडच्या शेतात कॅरॅव्हनची, चाकांवरच्या घरांची, एक रांग आहे. ऑफिसमधली बाई चहा पीत होती. मी माझं आडनाव सांगितलं आणि विचारलं, या नावाचं इथे कुणी आहे का? तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"आहेत की. टोकाच्या कॅरॅव्हनमध्ये. तुम्ही त्यांची मुलगी का? चेहरा तोच आहे."

मी म्हटलं, आमच्या घरात कधी कॅरॅव्हन नव्हती.

"मला ते माहीत नाही. माझी आई ही जागा चालवायची तेव्हापासून आहेत. कौन्सिलकडून दर वर्षी विचारतात कोण राहतं, आई त्यांचं नाव कळवायची, आता मी कळवते. फार कमी बोलतात. वर्षातून एकदा कड्यावर जाऊन स्वतःचं नाव ओरडतात, तेवढंच. त्यामुळे स्पेलिंग कधी विचारावं लागलं नाही." ती हसली. "पत्रं वगैरे येत नाहीत बिचाऱ्यांना. पोस्टमन इथवर येतो, पण त्यांच्यासाठी काही नसतं."

फोनमध्ये तुमचा तो निवृत्तीच्या दिवशीचा फोटो आहे. मी तिला दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला आणि म्हणाली, "हेच. आता जरा वाळलेत."

त्याच वेळी मी गाडीत बसून परत फिरायला हवं होतं. पण तुमचीच मुलगी, खात्री केल्याशिवाय कशी फिरणार. रांगेच्या टोकाला गेले. समुद्रावरून धुकं चढत होतं, भर दुपारी दिवे लावावे लागतील असं. बाकीच्या कॅरॅव्हन मागे सरकवलेल्या, ही एकटी कड्याजवळ राहिलेली. पडदे ओढलेले. पायरीवर बुटांचा जोड काढून ठेवलेला, शेजारी शेजारी, टाचा दाराकडे. इथे कोण दारात बूट काढतं? बूट ओले होते. मी दार ठोठावणार तेवढ्यात कड्याकडून आवाज आला. ते नाव. आपल्या र-सकट.

धुक्यात पाठमोरा माणूस उभा होता, हात मागे बांधलेले, पायात नुसते मोजे. त्याने पुन्हा नाव सांगितलं, आणि या वेळी खालून ओ आली. आई म्हणायची तशी एक नाही. कितीतरी, बायकांच्या, पुरुषांच्या, हलक्या, थकलेल्या, एखाद्या मोठ्या वर्गाने एकदम हजर म्हणावं तशी. मग एकदम माझ्या डोक्यात आलं की आम्ही यायचं सोडलं म्हणून तुम्हाला यावं लागतंय. मुलं शब्द पाळत नाहीत म्हणून मेलेला बाप पाळतोय, तोही थंडीत, मोज्यांवर. मला रडू फुटलं आणि रागही आला. मी हाक मारली, बाबा! तुम्ही वळला नाहीत. मग मी इंग्रजी आडनाव ओरडले. खालून ओ आली, तुम्ही हललाही नाहीत. आणि मग मी आपलं जुनं आडनाव घेतलं. या देशात ते इतक्या मोठ्याने कुणी कधी उच्चारलं नसेल. खाली सगळं शांत झालं. तुम्ही मान वळवलीत, जेवायला हाक मारल्यावर वळवायचात तशीच, आणि नेहमीच्या साध्या आवाजात म्हणालात, "आलो."

लेकीला मी त्याच रात्री फोन करून सांगितलं की बाळाला जुनं नाव दे, आजोबांची हरकत नाही. ती खूश झाली, थोडी रडलीसुद्धा. मग तिने विचारलं की तू त्या समुद्रावर गेली होतीस त्याचं काय झालं, तो चौथा कोण निघाला? मी म्हटलं, कुणी नाही गं, कॉम्प्युटरची चूक, तिथे कुणीच नव्हतं. वकीलच ती. लगेच म्हणाली, "आई, कुणीच नव्हता तर मग नावाला हो कोण म्हणाला?" मी सांगितलं, आवाज तुटतोय, उद्या बोलू.

बाबा, तुम्ही आलो म्हणालात, आणि मी थांबले नाही. तुमच्या बुटांना ठेच लागून पडले, उठले, गाडीत बसून दारं लॉक केली आणि लीड्सपर्यंत आरशात पाहिलं नाही. एवढी हाक मारून बोलावलं, आणि तुम्हाला तिथेच सोडून आले. हे सांगायला हे सगळं लिहिलं. पाकिटावर टोकाच्या कॅरॅव्हनचा पत्ताही घातला होता, तिकीटही लावलं होतं. पण टाकणार नाही. पोस्टमन तिथवर जातो असं त्या बाईने सांगितलंय, आणि तुम्ही आलेल्या पत्राला उत्तर न देता कधी राहिला नाहीत.