नानांनी नेलेली किल्ली

३ फेब्रु., सोम.
बोर्ड क्र. ४ पुन्हा फेल. थंड असताना चालतो, तापला की बंद. म्हणजे सोल्डरिंगचं काहीतरी. उद्या.
कंपनीची बस लवकर मिळाली. हेब्बाळच्या कारखान्यातून बोगादीला घरी उजेडातच पोचले.

८ ला आमची मालिका, 'पिंपळगल्ली'. बाबा मिरजेत टीव्हीवर, मी इथे म्हैसूरला लॅपटॉपवर, फोन स्पीकरवर. माझं ॲप त्यांच्या डिशच्या जरा मागे चालतं. त्यामुळे प्रत्येक धक्का आधी बाबांना बसतो, मग मला. नियम केलाय : टीव्हीचा आवाज बारीक, आणि माझ्याकडे दिसेपर्यंत तोंड बंद. पाळत नाहीत. आज "अरे देवा!" म्हणाले आणि मी अख्खी जाहिरात जीव मुठीत धरून बसले. निघालं काय, तर थोरल्या वहिनीचं दूध उतू गेलं.

मग नेहमीचं भांडण. मालिकेतले नाना घर सोडून गेले त्याला दीड वर्ष झालं. बाबा : येणार. मी : येणार नाही. जाताना ज्याने वळूनसुद्धा बघितलं नाही, तो कशाला येईल?
बाबांकडे पुरावा एकच, तोही आईचा. नाना गेले त्या भागात त्यांनी छत्री खुंटीला अडकवली, चष्म्याची डबी फडताळात ठेवली, पण फाटकाची किल्ली खिशात घालून गेले. आई म्हणाली होती, "कायमचं जायचं असतं तर किल्ली ठेवून गेले असते." तेव्हा बाबा माझ्या पक्षात होते. दोघं मिळून तिला चिडवायचो.
गेल्या वर्षी आई गेली. मधे काही दिवस मालिका बंदच होती घरात. परत लावली त्या दिवशी बाबा म्हणाले, "नाना येणार बघ. किल्ली नेलीय." तेव्हापासून या बाजूला मी एकटी.

बाकी बोलणं नेहमीचं. जेवलीस का. जेवले. बीपीची गोळी. घेतली.

५ फेब्रु., बुध.
अक्कांनी जिन्यातच गाठलं. (घरमालकीण, खालच्या मजल्यावर. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात आणि मागे वळून बघत नाहीत.)
"अय्यो, थांब गं! ऐकलीस का? शनिवारी तुझा तो नाना आमच्याकडे ऊटाला येतोय!"
मला वाटलं चेष्टा. चेष्टा नाही. त्यांचा भाचा रघू शूटिंगसाठी जागा, गाड्या, लॉज वगैरे बघतो. पिं.ग.चं युनिट रविवारपासून तलकाडच्या वाळूत शूट करणार. शेवटचे भाग. हॉटेलचं खाऊन कंटाळलेत, म्हणून शनिवारी जेवायला इथे.
"तू वाढायला ये. मत्ते, कुणाला सांगू नकोस. रघूने शपथ घातलीय. सुम्ने तोंड उघडलंस तर त्याचं काम जाईल."

नाना इथे येतायत म्हणजे नाना मालिकेत परत. सरळ अनुमान. आई बरोबर होती.
८ ला मात्र मला "येणार नाही" हेच म्हणत राहावं लागलं.
बाबा : "आज तुझ्यात जोर नाही."
म्हटलं, बोर्ड त्रास देतोय.

६ फेब्रु., गुरु.
बोर्ड क्र. ४ : एक पाय नीट धरलेलाच नव्हता. भिंगाखाली सापडला. डाग देऊन पास.
बाबांशी जोर लावून भांडले. बरं वाटलं त्यांना.

९ फेब्रु., रवि. सकाळ
काल लिहिणं जमलं नाही.
अक्कांच्या हॉलमध्ये समोरासमोर दोन ओळी, चटया, केळीची पानं. या लोकांना सेटवर हातात ताट घेऊन, पाळीपाळीने, उभ्यानेच जेवायची सवय. कोसंबरी पानात पडली तशी कॅमेरावाल्याने उचलली.
अक्का : "अय्यो! भात आला नाही, तूप आलं नाही, इतकं काय बेगबेग?"
त्याने हात मागे घेतला, तो तूप येईपर्यंत मांडीवरच ठेवला. दुसरा नियम लगेच सांगून झाला : सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि सगळ्यांचं कधी होणार ते अक्का ठरवणार.

थोरल्या वहिनीला (खऱ्यात अगदी साधी मुलगी, सारखी हसते) पायसा, म्हणजे खीर, निम्मीच. मी बघितलं. स्वयंपाकघरात अक्कांना विचारलं.
"धाकटीला किती छळते ती."
"अक्का, काम आहे ते तिचं."
"असू दे. स्वल्प कळू दे."

नाना पडद्यावर उंच वाटतात, तेवढे नाहीत. आवाज तोच. (खरं नाव इथे लिहीत नाही.) ओब्बट्टू तीन खाल्ले, आपली पुरणपोळीच, पण पातळ. मी त्यांना विचारलं, "हुळी वाढू?"
"वाढ. हुळी म्हणजे काय ते नंतर सांग."
सांबार म्हटलं. "मग तसं सांगून घाबरवायचं नाही."

वाढून झाल्यावर मला मेधाताईंच्या शेजारी पान मिळालं. मालिका त्या लिहितात. बारीक, चष्मा, कमी बोलतात. त्यांनी विचारलं, मालिका बघता का. हो म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं.
अक्का मागून : "बघते म्हणजे? रोज आठला फोनवर बापाशी भांडते! खाली मला सगळं ऐकू येतं. नाना येणार, नाना येणार नाही, नाना येणार..."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे मला नको होतं.
मेधाताई : "तुम्ही कुठल्या बाजूला?"
"येणार नाही."
"बरोबर. येत नाहीत." मग हळू आवाजात सांगितलं. नानांची मुलगी त्यांना तलकाडला शोधून काढते. वाळूत बसून दोघं बोलतात. ती एकटीच परत जाते. संपलं. "बाहेर बोलू नका हं."

म्हणजे माझं अनुमान चूक (नाना आलेत ते या एका दृश्यासाठी) आणि माझी बाजू बरोबर. इतके महिने भांडून जिंकले. चित्रान्न गिळत राहिले.

समोरून नाना : "पण वडिलांचं म्हणणं काय? मी का येणार?"
"किल्ली."
"कसली किल्ली?"
सांगितलं. छत्री, डबी, किल्ली.
त्यांच्या शेजारी ऋजुता होती. कुणी कुठल्या दृश्यात काय घातलं होतं, हातात काय होतं, हे सांभाळणं तिचं काम. तिचा घास हातातच राहिला.
"ती किल्ली! नाना, ती खुंटीला लावायची होती! तुम्ही खिशात टाकलीत आणि सरळ जाऊन गाडीत झोपलात. तोवर ऊन उतरलं, दृश्य परत घेता आलं नाही. किती बोलणी खाल्ली मी त्या दिवशी!"
"मी? शक्यच नाही." मग आठवलं असावं. हसता हसता ठसका लागला. "अगं, घरी जाऊन सापडली. बायको म्हणते, ही कुणाच्या घराची घेऊन आलात?"

सगळे हसले. मीही हसले. चूक होती, साधी. माणूस विसरला. आमच्या घरात ज्या किल्लीवर एवढं भांडण चाललंय तिला काही अर्थच नव्हता. आईचा पुरावा बाद.

मेधाताई हसल्या नाहीत.
"हे वडिलांच्या लक्षात आलं?"
"आईच्या."
"त्या काय म्हणतात आता?"
"आता बाबा म्हणतात."
त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.
उठून जावंसं वाटलं. उठता येत नव्हतं, कॅमेरावाल्याचं पान संपायचं होतं. मग बसले, आणि बसल्यावर बरं वाटलं. नाना त्यांच्या पहिल्या नाटकात दाढी गळून पडल्याची गोष्ट सांगत होते. घरातल्या कुणीतरी सांगावी तशी.
अक्का : "साकु, पुरे बोलणं. ताक कुणाला?"

शेवटी सगळ्यांचा फोटो. मीच काढला, रघूच्या फोनवर. माझ्याकडे काही नाही.
बाबांना कालच सांगून ठेवलं होतं : अक्कांकडे पाहुणे आहेत, वाढायला जायचंय. एकही शब्द खोटा नाही.

१० फेब्रु., सोम.
शेवट काय ते सांगायचं नाही, असं कबूल केलंय. किल्लीचं तसं काही कबूल केलेलं नाही. ते सांगता येतं. एका वाक्यात भांडण मिटेल.
सांगितलं नाही. मिटवून काय बोलायचं आठ वाजता?
आज "येणार नाही" म्हणताना पहिल्यांदा वाटलं, आपण हरावं.

१२ फेब्रु., बुध.
संध्याकाळी मेधाताई आल्या. एकट्याच, रिक्षाने. केसांत वाळू. अक्कांनी कॉफी पाजल्याशिवाय वर सोडलं नाही.
खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आईंचं वाक्य सांगा. तुमच्या शब्दांत नको. त्यांच्या."
"कायमचं जायचं असतं तर किल्ली ठेवून गेले असते."
दोनदा म्हणायला लावलं. घेऊ का म्हणाल्या.
"आईचं नाव येणार नाही ना कुठे?"
"नाही."
"मग घ्या."
शेवट बदलणार का, विचारलं. म्हणाल्या, एक वेगळा लिहून पाहतेय, पण ठरवणार चॅनल, आणि त्यांना रडका शेवट हवाय. "तुमचं मत काय?"
माझं मत त्यांना माहीत होतं. तरी विचारलं. मी म्हटलं, मला माझं मत बदलायला आवडत नाही.
"ते दिसतंच आहे," म्हणाल्या आणि हसल्या. पहिल्यांदाच.

१४ फेब्रु., शुक्र.
ऋजुताचा मेसेज : "दोन्ही शेवट शूट केले. कुठला लागणार ते आम्हालाही माहीत नाही. किल्ली मी स्वतःच्या हाताने दिली आणि स्वतःच्या हाताने परत घेतली. खिसे तपासले."

२४ फेब्रु., सोम.
शेवटच्या आठवड्याची झलक लागली. वाळू, वाळूत अर्धं बुडालेलं देऊळ, पाठमोरे नाना.
बाबा उडालेच. "तलकाड लिहिलंय खाली! तुझ्या जवळच ना गं? एखाद्या रविवारी गेली असतीस तर दिसले असते नाना."
"हो ना."
"तुला कशाचं काही नसतं."

२६ फेब्रु., बुध.
भाग संपल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला.
"रेवा, एक सांगू? ती किल्ली चुकून गेली असणार त्याच्या खिशात."
"कुणाच्या?"
"त्या नटाच्या. खुंटीकडे हात नेला होता त्याने. मग छत्री अडकवली आणि किल्ली विसरला. मी त्याच दिवशी बघितलं होतं."
"आईला सांगितलं नाहीत?"
"छे. केवढी खूश होती ती."
"मग वर्षभर माझ्याशी का भांडताय?"
"तिची बाजू रिकामी कशी ठेवायची?" आणि लगेच, "गोळी घेतली हं मी."

आता मलाही सगळं सांगता आलं असतं. ओब्बट्टू, ठसका, तांब्या. तोंडावर आलं होतं.
शनिवारी शेवटचा भाग. त्यानंतर सांगेन. म्हणजे सोमवारी आठला बोलायला काहीतरी आहे. सगळं एकाच दिवशी सांगायचं नाही.

१ मार्च, शनि.
बाबांचा फोन साडेसातलाच. खिचडी करून, गॅस बंद करून बसलेत.
अक्का वर आल्या, आंबोडे (डाळवडे) घेऊन. त्यांच्या टीव्हीला मराठी वाहिनी नाही, एरवी माझ्या लॅपटॉपवर जुने भाग बघतात. फोन स्पीकरवर बघून सुरूच झाल्या, "नमस्कार हो! तुमची मुलगी फार भांडते."
बाबा : "आईवर गेलीय."
"तुमचा तो नाना ना, मी त्याला तीन..."
मी त्यांच्या हातात आंबोडा दिला. खाल्ला. बाबा म्हणाले, तीन काय? मी म्हटलं, सुरू झालं.

वाळूतलं दृश्य झालं. छान झालं. मुलगी उठली, चालायला लागली. तिने आईचं वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, एक शब्द इकडे तिकडे नाही. अक्का कानडीत काहीतरी पुटपुटल्या. नाना बघत राहिले आणि जाहिरात लागली.
शेवटची जाहिरात. म्हणून एवढं लिहून होतंय.

बाबांकडच्या जाहिराती संपल्या. मागे बारीक संगीत ऐकू येतंय. आता तेही थांबलं.
बाबांचा आवाज नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नियम पाळतायत.
अक्का : "बाबा गप्प का गं?"
मी ओठांवर बोट ठेवलं.
माझ्याकडे साबण. मग वॉशिंग मशीन. मग गल्ली, पिंपळ. फाटक आलं.
बंद आहे अजून.