बा कचेरीत काय बोलला

बा, गेल्या आठवड्यात पालघरच्या कचेरीत एक बाई अगदी तुझ्यासारखी बसली होती. खुर्ची रिकामी असताना भिंतीला टेकून, उकिडवी. बोईसरच्या एका कारखान्यात ॲसिड उडून तिचा एक डोळा गेला आहे. हल्ली माझं काम हेच. आपल्या डोंगरातल्या माणसांबरोबर भरपाईच्या सुनावणीला जायचं, त्यांचं बोलणं साहेबांना सांगायचं आणि साहेबांचं त्यांना. साहेबांनी विचारलं, तक्रार आहे का. बाई म्हणाली, "नाय. मुकादम घरी आलता, आमचे चुलीजवळ बसून जेवला." तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मला मात्र तू दिसलास, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीस.

भात झोडून झालं की तू बोईसरला कामाला जायचास. एका वर्षी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये तुझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मशीनला हात अडवणारी जाळी नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं, पण कंपनीने लिहून दिलं की तू पिऊन आला होतास. आपण कंपनीवर भरपाईची केस केली. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सगळे कागद मीच वाचायची आणि घरात माझा तोरा काही विचारू नकोस. एक दिवस तुझा सुपरवायझर घरी आला. उत्तरेकडचा, तरुण, घाबरलेला, हातात बिस्किटांचे पुडे. "काका, माफ कर दो. मेरी नौकरी चली जाएगी," म्हणाला. तू त्याला बसवलंस, आईला भाकर आणि सुका बोंबील वाढायला सांगितलंस. मग घरातली ताडी काढलीस. आधी दोन थेंब जमिनीवर, आपल्या गेलेल्यांसाठी, मग त्याला, मग स्वतःला. डाव्या हाताची सवय नाही, अर्धी सांडते आहे. मी दारात उभी राहून बघते आहे आणि आतून पेटते आहे, कारण याचा अर्थ मला ठाऊक आहे. आपल्यात भांडण मिटलं की दोघं एकत्र बसून खातात-पितात, आणि एकदा तसं बसल्यावर त्या माणसाबद्दल पंचांपुढेही वाकडं बोलायचं नाही. त्या बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, काकांनी पाहुणचार केला.

तो गेल्यावर मी तुला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुझं भांडण त्याच्याशी नाहीच, कंपनीशी आहे. तू शांतपणे विचारलंस, "कंपनी म्हंजे कोन? माना तर कदी कोन दिसला नाय. हाच दिसला." उत्तर नसलं की शिकलेली पोरं बोलतात तेच मी बोलले, तुला काही कळत नाही म्हणून. तू बिस्किटाचा पुडा फोडलास आणि पहिलं बिस्कीट माझ्या हातावर ठेवलंस.

तेव्हा आपला जिल्हा ठाणे, म्हणून सुनावणीही ठाण्याला. आपला वकील त्या दिवशी आलाच नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, त्याने सरळ विचारलं, या कंपनीविरुद्ध तुमची तक्रार आहे का? तू उठून उभा राहिलास आणि आपल्या बोलीत बोललास. मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, तक्रार नाही म्हणतात. तुझा डावा अंगठा घेतला आणि केस संपली. परत पालघरला उतरलो तर बाजारात तू एका हातगाडीपाशी थांबलास आणि ताडगोळे घेतलेस. उभ्या आयुष्यात ताडगोळा विकत न घेतलेला माणूस तू, सरसर ताडावर चढून घडच्या घड खाली सोडणारा. मनगटाने फळ छातीशी दाबून डाव्या हाताच्या नखाने एकेक साल काढलीस. वेळ लागला. मी पुढच्या गाडीची घाई करत होते. तू सगळे मलाच दिलेस.

केस ताडीने घालवली, असं गाव म्हणत राहिलं. आई म्हणायची, मीही म्हणायची, एका घोटाला जागायला गेला आणि हाताच्या भरपाईला मुकला. तू कधी उलट बोलला नाहीस. त्यानंतर तू ताडावर चढला नाहीस, कामालाही गेला नाहीस. अंगणात बसून डाव्या हाताने दोरी वळायचा प्रयत्न करायचास आणि मी घरी आले की ती मागे लपवायचास. तुझ्याशेजारी नुसतं बसायला मिळावं, एवढंच आता फार वाटतं.

त्या बाईची फाइल साहेब मिटायला लागले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, थांबा, तिचं बोलणं संपलेलं नाही." आणि तिला आपल्या बोलीत विचारलं, मुकादमाशी भांडण नाही, कळलं, पण डोळ्याचं काय? ती लगेच म्हणाली, "डोला कंपनीत गेला. त्याचा न्याय कराय तर आली ना मी." साहेबांनी ते लिहून घेतलं, पुढची तारीख दिली. बाहेर वकिलाने विचारलं, तिला अजून बोलायचंय हे तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, अनुभव.

अनुभव कसला, बा. तूही त्या दिवशी ठाण्याला पुढे बोलला होतास. "त्या मानसाशी माझा भांडण नाय, तो माझे घरचा झाला. पन हात कंपनीत गेला, त्याचा काय ता तुमी न्याय करा." मी सगळं ऐकलं होतं. मागून ते हसणं ऐकू आलं आणि मला आपल्या बोलीची लाज वाटली, तुझ्यावरचा रागही होताच, लवकर सुटावं म्हणून मी अर्धंच सांगितलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आश्रमशाळेत मी सुंदर अक्षरात लिहून काढली होती. हे पत्र कुठे पाठवणार, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं. पण ऐकून समजण्याइतकं मराठी तुला येत होतं. मी अर्धंच सांगितलं, हे तुला तिथेच कळलं होतं, आणि तरी तू मला ताडगोळे सोलून दिलेस.