अण्णा, ती सिगारेट मीच दिली

प्रिय अण्णा,

एकाच घरात राहणाऱ्या बापलेकांना पत्राची काय गरज, म्हणून तुम्हाला कधी लिहिलं नाही. पण काल तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि जेवणानंतर मामाने खिशातून एक कागद काढला. "त्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची. अर्ज लिहून आणलाय."

आई लगेच म्हणाली, "करच. दीड महिना सिगारेटला शिवले नव्हते हे. तरी छातीत कफ भरतोच कसा?"

मी पानं उचलायच्या निमित्ताने उठलो.

तुमची बायपास ठरली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवतं? "काका, आजपासून पूर्ण बंद. घरात आणखी कोणी ओढतं का?" मी चटकन "नाही" म्हणालो. कामावर, दापोड्याच्या गोडाऊनवर, दिवसभर धूर काढणारा मी, घरी मात्र बडीशेप चघळत यायचो. तुमच्यासमोर "मी ओढतो" कसं म्हणणार? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि गप्प बसलात. का हो? तेव्हाच एक थोबाडीत ठेवून द्यायची होती!

पहिले वीस दिवस काय नेटाने काढलेत तुम्ही! तोंडात सतत लवंग. चहावरून आईवर खेकसलात, मग स्वतःच कप विसळून ठेवलात.

आणि मी? कामावरून आलो की थेट गच्चीवर. शर्टाला वास घेऊन खाली यायचो आणि तुमच्या शेजारी जेवायला बसायचो. एकदा तुम्ही खुंटीवरच्या माझ्या शर्टाजवळ नुसते उभे होतात. मला कळलं. तरी थांबलो नाही.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही धापा टाकत जिने चढून वर आलात. मी हात पाठीमागे नेला.

"लपवू नकोस. अकरावीत होतास तेव्हापासून ठाऊक आहे मला. एक दे."

"अण्णा, ऑपरेशन आहे."

"एकच रे महेश. डोकं फुटायला आलंय."

मी दिली. काडीही मीच ओढली.

खरं सांगू? ती संध्याकाळ मला आवडली, अण्णा. खाली गल्लीत कापडाच्या लूमची खडखड चालू होती, आपण पाण्याच्या टाकीला टेकून बसलो होतो आणि तुम्ही पहिल्यांदाच माझ्याशी मित्रासारखे बोललात. खारबावच्या खाडीत लहानपणी बुडताबुडता वाचलात ते. आईला बघायला गेलात आणि घाबरून तिचं नावही न विचारता परत आलात ते. "ऑपरेशनची भीती वाटते रे," हेही तिथेच म्हणालात. उभ्या जन्मात इतकं बोललो नव्हतो आपण! म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुमची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही. रोज एक, थेट दवाखान्यात दाखल होईपर्यंत.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट कधीपासून बंद?"

"दीड महिना झाला," तुम्ही म्हणालात.

मी पलंगाशेजारीच उभा होतो. खरं सांगितलं असतं तर तारीख पुढे गेली असती, एवढंच ना? तोंड उघडलं नाही. ऑपरेशन नीट झालं, पण फुफ्फुसांनी साथ दिली नाही. नवव्या दिवशी तुम्ही गेलात. त्या सिगारेटींमुळेच? कदाचित नसेलही. मला ते कधीच कळणार नाही.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "वास यायचा मला. वाटायचं, तुझाच." मग ताट बाजूला सारलं. "मामाला फोन लाव. अर्ज नको म्हणून मीच सांगते. कारणही मीच सांगते."

त्यानंतर दिवसभर बोलली नाही. माझ्या पानात वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. दिवेलागणीला एवढंच विचारलं, "वर बसून काय बोलायचे रे ते?"

मी सांगत गेलो. नाव न विचारता परत आल्याचं ऐकून किंचित हसली. ऑपरेशनच्या भीतीचं सांगितलं तेव्हा मात्र पदर तोंडाला लावला. "मला म्हणायचे, काही नाही गं, आठवड्यात घरी येतो."

अण्णा, सिगारेट सोडली असं लिहून तुम्हाला खूश करणार नाही. कालपासून ओढलेली नाही, इतकंच खरं आहे. पण शब्द देतो: ज्या दिवशी घसरेन, त्याच दिवशी आईसमोर बसून तिला सांगेन. तिने बोलणं टाकलं तरी सांगेन.

तुमचा,
महेश