खड्ड्यातून वर

१४ नोव्हेंबर, चिचगड

अर्ज पाठवला! नागपूरची विचार-परिषद. अर्ज देशभरातून येतात, बोलायला मिळतं मोजक्यांना. विषय लिहिला – शब्द केव्हा द्यावा आणि केव्हा गिळावा. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करणाऱ्या, नटांना खालून वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला दुसरं काय येतं?

आज इथे मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं नाटक. लोक येतात आमच्या हिरोला, देवानंदला बघायला. मी रंगमंचापुढच्या खड्ड्यात, नाटकाची वही घेऊन. तिथून मला नटांचे पायच नीट दिसतात, पण तेवढे पुरतात. नट मुद्दाम थांबला असेल तर पाय शांत. विसरला असेल तर अंगठा हलतो. हेच सांगायचंय मला तिथे.

देवानंदचा अंगठा तर पडदा उघडल्यापासून हलतच असतो. इतक्या वर्षांत पठ्ठ्याने एक वाक्य पाठ केलं नाही. "पाठ कायले करू? तू आहेस ना गा खाली."

२ डिसेंबर, गोंदिया

पहिली फेरी पार! अंजनाला मेल दोनदा वाचून दाखवला. म्हणाली, "आता जरा मोठ्यानं बोलाची सवय करा." खरंय. बायकोलाही मी कुजबुजतच हाक मारतो.

५ डिसेंबर

गच्चीवर ओरडून सराव. खालून शेजारचे केशोराव – "कोणासंग भांडून राहिला गा, भोजराज?"

९ डिसेंबर

व्हिडिओ कॉलवर चाचणी झाली. पार वाट लागली.

फोन देवानंदचा, धरायलाही तोच. मी भाषणाचं पहिलं वाक्य बोललो आणि थांबलो. सवयच ती – वाक्य द्यायचं आणि नटाची वाट बघायची. तर देवानंदने फोन हातात धरून तेच वाक्य खणखणीत म्हणून टाकलं! त्याचीही सवयच. दुसऱ्या वाक्याला तेच. तिसऱ्याला पलीकडच्या, परिषदेच्या बाई हसायला लागल्या. शेवटपर्यंत आम्हा दोघांनाही थांबता आलं नाही.

नंतर चहाच्या टपरीवर आम्हीही पोट धरून हसलो. देवानंद फोनमधलं त्या कॉलचं रेकॉर्डिंग टपरीवाल्याला पुन्हा पुन्हा ऐकवत होता. घरी आल्यावर मात्र फार वाईट वाटलं.

१५ डिसेंबर

निवड झाली! त्याच बाईंचा फोन. मी जागेवरच उडी मारली, त्यामुळे पुढचं नीट ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारलं.

"विषय तुमचाच हो. पण मागून बोलत होते ना, ते स्टेजवर उभे राहिले तर? तुम्ही लिहून द्या."

कळवतो म्हणालो. अंजनाला सांगितलं. ती हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवून म्हणाली, "मंग तुमी खड्ड्यातून वर कधी येसान?"

१६ डिसेंबर

देवानंदला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गाडीला किक मारली आणि गेला. खूश झाला असणार. कोण होणार नाही? मला राग आला. त्याचा, बाईंचा, सगळ्यांचाच. मला एकदा स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं.

१८ डिसेंबर

देवानंद फोन उचलत नाही. बाईंना अजून काही कळवलं नाही.

२० डिसेंबर

सकाळी देवानंद दारात. चपला काढून अंगणात उभा राहिला आणि माझं अख्खं भाषण म्हणाला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

मग म्हणाला, "बाईले फोन केला मी. म्हटलं, बोलन तं भोजराजच बोलन. मानली ते. तू अटकला तं पहिल्या लाइनीत मी बसून आहो."

तो भाषण म्हणत होता तेव्हा मी सवयीने त्याच्या पायांकडेच बघत होतो. अंगठा एकदाही हलला नाही.