मागच्या आसाचं नळकांडं

१४ मार्च १९७१
आलं एकदाचं नळकांडं! बोटीवर नोकरी करणाऱ्या माधव भावजींनी अमेरिकेहून धाडलंय. जीपच्या मागच्या आसाला बसवायचं. आतलं इंधन पेटलं की आस असा गरगरतो की गाडी सुटलीच. तिकडे मोटारी सरळ पट्टीवर पळवतात, त्यासाठी कुणा उपद्व्यापी माणसाने हे काढलंय. आमचे हे त्याच्याभोवती असे फिरताहेत, जसा काही घरात पाळणा हललाय. गॅरेजात आठ गिऱ्हाइकं खोळंबलीत, त्यांच्याकडे लक्ष नाही.

१६ मार्च
सोबतची पुस्तिका मी वाचली. यांनी नुसती चित्रं पाहिली असणार. जाड अक्षरात छापलंय — एकदा पेटल्यावर बंद करण्याची सोय नाही. यांच्यापुढे धरलं. "बंद कशाला करायचं?" म्हणाले.
अख्ख्या संगमनेरात मला हाच माणूस मिळावा!

२१ मार्च
भर बाजारात सांगून आलेत. जत्रेला बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, आपली जीप पळणार, श्रीमंतरावांच्या बैलजोडीला मागे टाकणार, आणि आत स्वतः बसणार. श्रीमंतरावांची जोडी म्हणजे दरसाल पहिला नंबर ठरलेला. आता माघार घेतली तर नाक कापलं जाईल म्हणे. नाक! इथे अख्खा माणूस जाईल, त्याचं काही नाही.
दिवसभर बोलले नाही यांच्याशी. संध्याकाळी कांदाभजी केली, पण ती मलाच हवी होती म्हणून.

२८ मार्च
गॅरेजमागे चाचणी. जीप ठोकळ्यांवर, मागची चाकं अधांतरी. लांब वायर ओढून यांनी खटका दाबला. छपराचे निम्मे पत्रे शेजारच्या उसात! यांच्या भुवया जळाल्या. तरी खदाखदा हसत होते. मीही हसले, मग मोरीत जाऊन रडले. मला हा माणूस हवाय. भुवया नसल्या तरी चालेल.

३० मार्च
सकाळी श्रीमंतरावांच्या मळ्यात गेले. त्यांच्या मंडळींशी, मालनबाईंशी, माझं चांगलं जमतं. आडपडदा ठेवलाच नाही. घाटात गाडा सुटला की बैल एकटे पळतात, गाड्यावर माणूस बसत नाही, ही इथली रीत. म्हटलं, तीच जीपला लावायला सांगा श्रीमंतरावांना, आणि माझं नाव येऊ देऊ नका.
मालनबाई शेंगा फोडत होत्या. "बगते की. घोर करू नगा, वयनी," म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून हसल्या. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

४ एप्रिल
जमलं!! जत्रा कमिटीपुढे श्रीमंतराव म्हणाले, "आमच्या घाटात गाड्यावं मानूस बसत न्हाई. बैल असू द्या न्हाईतर जीप." कमिटीचे म्होरके कारभारी आबा. त्यांनी मान हलवली की विषय संपला. आज त्यांनी हलवली.
हे तणतणत घरी आले. "मोटार म्हणजे काय बैल आहे?" मी मुकाट वाढत राहिले. यांनी तीनदा आमटी घेतली. एवढा राग आणि एवढी भूक!

११ एप्रिल
जत्रा. काय दिवस गेला!
आधी बैल पळाले. साडेबारा सेकंद. मग जीप लावली, स्टिअरिंग दोरखंडाने करकचून बांधलं. हलगी थांबली. यांनी खटका दाबला — काहीच नाही. कुणीतरी हसलं. आणि मग असा आवाज झाला की मी खालीच बसले. डोळे उघडले तर घाटात नुसता धूर. जीप माथ्यावरून उडून पलीकडच्या ओढ्यात!
घड्याळवाले मास्तर आ वासून उभे. घड्याळ दाबायचं राहूनच गेलं! कारभारी आबांनी निकाल दिला, "येळ न्हाई, तर लंबर न्हाई." ढाल बैलांना गेली. पण लोकांनी खांद्यावर घेतलं ते यांना. श्रीमंतरावसुद्धा नाचले. माझ्या केसांत अजून गुलाल आहे.
नंतर आम्ही दोघं ओढ्यात उतरलो. स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या सीटमधून आरपार गेलेला. यांनी तो दांडा हलवून पाहिला. मग माझा हात धरला. चारचौघांत! मी सोडवून घेतला नाही.

१२ एप्रिल
यांना एका कानाने ऐकू येत नाही. मी त्याच बाजूला बसून मनातलं सगळं बोलून घेतलं.

१५ एप्रिल
मालनबाई आल्या होत्या. मी आभार मानायला लागले, तर म्हणाल्या, "आवो, तुमच्या आदीच तुमचं मालक येऊन गेल्तं. पत्रं उडालं त्याच सांजंला. म्हनले, श्रीमंतराव, लई भ्या वाटतंय. कायबी करा, पन मला जीपमदी बसू दिऊ नका. आन् वयनींना कळू दिऊ नका."
हे घरी आले तेव्हा मी नुसतीच बघत राहिले. "काय झालं?" म्हणाले.
"काही नाही," म्हटलं.